‘दूलॉस’ : सेवक की गुलाम?

ज्या अमेरिकेत आम्ही स्थायिक झालो, तिच्या गुलामगिरीचा इतिहास वाचताना बायबलच्या नव्या करारातील एक ग्रीक शब्द वारंवार समोर येतो. तो शब्द ‘दूलॉस’. त्याचा सरळ अर्थ गुलाम. ज्याची खरेदी-विक्री होऊ शकते असा माणूस. मजुरी घेऊन राबणाऱ्यासाठी ग्रीक भाषेत निराळे शब्द होते.

शब्द प्राचीन आहे. मायकेल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ मध्ये ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा केला, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर त्याचे ‘दोएरो’ हे पूर्वरूप वाचता आले, स्त्रीसाठी ‘दोएरा’. लॅटिन भाषांतरात त्याचा ‘सर्वुस’ झाला, तोही गुलामच. परंतु त्याच कुळातील ‘सर्व्हंट’ हा शब्द १६११ च्या इंग्रजी बायबलने बहुतेक ठिकाणी वापरला आणि गुलामाचा नोकर झाला. मराठी बायबलमध्ये ‘दास’ आहे. भक्तिपरंपरेमुळे तो आपल्या कानाला सौम्य वाटतो इतकेच.

पौलाने फिलेमोनला लिहिलेल्या छोट्या पत्रात ओनेसिमस नावाच्या गुलामाचा विषय आहे. ओनेसिमस म्हणजे ‘उपयोगी’. (शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असे मनुस्मृती सांगते, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच.) त्याला दूलॉस म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे पौल लिहितो, मात्र त्याला मालकाकडे परतही पाठवतो. गुलामांच्या मालकांनी या परत पाठवण्यावरच बोट ठेवले. १८३० च्या दशकात जॉर्जिया राज्यात चार्ल्स कोल्कॉक जोन्स या पाद्र्याने याच पत्राच्या आधारे पळून जाणाऱ्या गुलामांचा निषेध केला, तेव्हा निम्मे श्रोते सरळ उठून निघून गेले. असे पत्र बायबलमध्ये नाहीच, असेही काहींनी त्याला सुनावले. हे त्यानेच नोंदवून ठेवले आहे.

गुलामगिरीविरोधी पाद्री अल्बर्ट बार्न्स यांनी १८४६ च्या ग्रंथात, दूलॉस म्हणजे गुलामच असे मानण्याचे कारण नाही, असे प्रतिपादन केले. समर्थकांचा आग्रह, तो गुलामच. शब्दार्थाच्या वादात मालकांची बाजू अधिक बळकट होती, हे आम्हांस मान्य करावे लागते. बार्न्स यांचा हेतू थोर, पण ग्रंथाला निर्दोष ठरवण्यासाठी शब्द मवाळ करण्याची वाट आम्हांस पटत नाही. ती वाट आपल्यालाही मोहात पाडू शकते. विनयपिटकातही दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे आणि तेथेही ‘दास’ म्हणजे दासच.

महात्मा फुले यांनी नेमके उलट केले. स्मृतिग्रंथांनी ज्याला शूद्रांची ‘सेवा’ म्हटले, त्याला त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ म्हटले, आणि ते पुस्तक निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले.