युद्धानंतरचे मरण : 7 फेब्रुवारी 1968 च्या विमानाची कथा

गतवर्षी आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘ज्ञातीतील रणवीर’ या सदराकरिता नावे जमविण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे सोपविले. काम सोपे वाटले होते. पारनेर तालुका हा पर्जन्यछायेतला. येथील शेतीने माणसाला पोटभर दिले असे क्वचितच घडले, म्हणून घरटी एखादा मुलगा पलटणीत जाण्याची चाल येथे फार जुनी. नावांचा तोटा नव्हता. परंतु सदराच्या नियमात एक अट होती. ‘युद्धात कामी आलेले’ एवढ्यांचीच नोंद घ्यावयाची. या अटीपाशी माझी लेखणी अडली, आणि ती का अडली हे सांगण्यासाठी हा लेख.

माझ्या नोकरीच्या काळात मी एका परगावच्या शाळेत होतो. 1999 साली कारगिलचे युद्ध झाले आणि गावोगावी सैनिकांविषयी आदराची लाट आली. आमच्याही शाळेत गावच्या हुतात्म्यांचा फलक लावावा असे ठरले. माझे अक्षर बरे, म्हणून रंग व कुंचला माझ्या हाती आला. फलक लागला, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी एक वृद्धा शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हते. तिने विचारले, “गुरुजी, यात माझ्या लेकाचं नाव कुठं हाय?” तिचा मुलगा ईशान्येकडील डोंगरात लष्करी गाडी दरीत कोसळून मरण पावला होता. मी नियमाप्रमाणे उत्तर दिले, “आजी, तो युद्धात गेला नाही.” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मंग त्यो काय जत्रंला गेल्ता व्हय, गुरुजी?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे कित्येक वर्षे नव्हते. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस हिमाचल प्रदेशातील एका हिमनदीतून चार जवानांचे देह 56 वर्षांनी बाहेर काढल्याचे वृत्त वाचले, तेव्हा त्या आजीची आठवण झाली. त्या चौघांत आपल्या महाराष्ट्रातील कोणी नव्हता, ज्ञातीतील तर नव्हताच. तरीही त्यांचा इतिहास आपल्या स्मरणिकेत यावा असे मला वाटते, कारण तेही युद्धात गेले नव्हते. कामावर निघाले होते.

प्रथम काळ ध्यानी घेऊ. 1962 मध्ये चीनशी युद्ध झाले, 1965 मध्ये पाकिस्तानशी झाले, आणि 10 जानेवारी 1966 रोजी ताश्कंद येथे करार झाला. 1968 साली देश शांत होता, निदान कागदोपत्री. महाराष्ट्राचे मन त्या वेळी दुसरीकडेच गुंतलेले होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, त्यास पुरते दोन महिनेही लोटले नव्हते. परंतु लढाई थांबली म्हणून सीमेवरचा पहारा थांबत नसतो. 1962 च्या अनुभवानंतर लडाखमध्ये मोठे सैन्य ठेवणे देशाला भाग पडले, आणि त्या सैन्याला धान्य, दारूगोळा व माणसे पुरविणे हे एक नित्याचे युद्धच होऊन बसले.

श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता झोजिला खिंडीतून जातो. हिवाळ्यात ती खिंड बर्फाने बुजत असे आणि लडाख महिनोन् महिने जमिनीवरून तुटत असे. मग उरे तो आकाशमार्ग. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांवर आहे. तेथे 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डाकोटा विमान प्रथम उतरविले, तेव्हा त्या जागेस विमानतळ म्हणणे हे धाडसच होते. पुढे 1961 पासून रशियन बनावटीची अँटोनोव्ह-12 ही चार इंजिनांची मालवाहू विमाने आपल्या वायुदलात आली. त्यांचे सामर्थ्य किती, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांस एका गोष्टीवरून सहज कळेल. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे रणगाडा दलाचे माहेरघर. रणगाडा म्हणजे काय वस्तू आहे हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ऑक्टोबर 1962 मध्ये याच जातीच्या विमानांनी सहा हलके रणगाडे पोटात घालून सुमारे 14 हजार फुटांवरील चुशूलच्या धावपट्टीवर नेऊन उतरविले होते.

मात्र हे विमान मालासाठी घडविलेले. पुढचा लहानसा कक्ष सोडला तर मुख्य भागात हवेचा दाब राखण्याची सोय नसे. जवान त्या मोठ्या पोकळीत दाटीने बसत. बाहेर हिमालयाची थंडी, आत इंजिनांचा कानठळ्या बसविणारा आवाज. चंदीगडहून लेह सुमारे तासाभराच्या अंतरावर, परंतु त्या तासात पीर पंजाल, मुख्य हिमालय व झांस्कर अशा रांगामागून रांगा ओलांडाव्या लागत. दुपारनंतर लडाखात वारे सुटतात, म्हणून उड्डाणे सकाळीच करावयाची. लेहवर ढग असले तर परत फिरावयाचे. तेथे डोंगरांच्या मध्ये घिरट्या घालीत वाट पाहण्याची सोय नसते.

7 फेब्रुवारी 1968 रोजी असेच एक अँटोनोव्ह-12 चंदीगडहून लेहकडे निघाले. विमानदलाचे कर्मचारी व जवान मिळून 102 जण त्यात होते. पुष्कळ जण रजा संपवून आपल्या तुकडीकडे परतत होते, काही नव्या नेमणुकीवर प्रथमच चालले होते. कोणी पायदळातला, कोणी वैद्यकीय दलातला, कोणी यंत्रदुरुस्तीच्या दलातला, कोणी रस्ते व ओझी यांचे काम करणाऱ्या पायोनियर दलातला. लेहवरील हवामान बिघडल्यामुळे वैमानिकाने परतीचा निर्णय घेतला. रोहतांग खिंडीच्या परिसरात विमानाचा अखेरचा संपर्क झाला आणि पुढे सारे शांत झाले. शोध झाला, पण विमान सापडले नाही. त्या पहाडात फेब्रुवारीचे एक हिमवादळ गाव झाकून टाकते, तेथे विमानाची काय कथा!

घरोघर जी वार्ता गेली ती मरणाची नव्हे, ‘बेपत्ता’ची. वाचकहो, या शब्दाचा अर्थ ज्यांच्या घरी तो कधी आला त्यांनाच कळेल. मेलेल्याचा दहावा-तेरावा होतो, बायको रडते, भाऊबंद जमतात, आणि हळूहळू संसार पुन्हा मार्गी लागतो. बेपत्त्याचे काय करावयाचे? सात वर्षे माणसाची काही खबर नसेल तर तो मृत समजावा असे 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या 108 व्या कलमात होते. तो न्यायालयाचा हिशेब झाला. दारात उभ्या असलेल्या आईला कलम लागू पडत नाही.

35 वर्षे गेली. 2003 साली मनालीच्या गिर्यारोहण संस्थेची एक तुकडी लाहौलमधील चंद्रभागा-13 नावाच्या शिखराकडे निघाली असता ढाका हिमनदीवर तिला विमानाचे भग्न अवशेष व एक मानवी देह आढळला. तो देह शिपाई बेलीराम यांचा होता. पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवरील ती जागा. वर्षातून जेमतेम काही आठवडे तेथे माणसाला पाय ठेवता येतो.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. चंद्रा व भागा या दोन नद्या लाहौलमध्ये तांडी येथे मिळतात आणि पुढे त्यांस चंद्रभागा म्हणतात. खाली उतरल्यावर तीच चिनाब होते. आपल्याला चंद्रभागा म्हटली की पंढरपूर आठवते. आमच्या राळेगणसिद्धीचे पाणी घोड नदीवाटे भीमेला जाते आणि पंढरीच्या वाळवंटापाशी तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. एका चंद्रभागेत आपण अस्थी सोडतो. दुसरीच्या उगमापाशी ते 102 जण अंत्यसंस्काराविना पडून होते.

हिमनदी ही स्थिर वस्तू नव्हे. वर पडलेले बर्फ थरावर थर साचून दगडासारखे घट्ट होते आणि आपल्याच भाराने अगदी मंद गतीने उताराला सरकत राहते. तिच्या भेगांत जे पडले ते ती पोटात घेते आणि दशकानुदशके लोटल्यावर बर्फ वितळेल तेथे उघडे करते. म्हणून या विमानाचे अवशेष एका जागी नाहीत. सेनादलांनी पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या. 2007 मध्ये तीन देह मिळाले. 2013 मध्ये हवालदार जगमालसिंग यांचा मिळाला. 2019 मध्ये भूदल व वायुदलाच्या संयुक्त मोहिमेस इंजिन, पंखा व विमानाच्या सांगाड्याचे भाग सापडले. त्यानंतर सप्टेंबर 2024 अखेरीस डोग्रा स्काउट्सचे जवान व तिरंगा माउंटन रेस्क्यूचे गिर्यारोहक यांनी चार देह खाली आणले. उत्तर प्रदेशातील सहारनपूरकडचे मलखानसिंग, उत्तराखंडातील चमोलीचे शिपाई नारायणसिंग, हरियाणातील रेवाडीचे मुन्शीराम आणि केरळातील इलंथूरचे थॉमस चेरियन, असे ते चौघे होते. चेरियन मृत्यूसमयी 22 वर्षांचे होते. लेहची नेमणूक घेऊन निघालेला तो तरुण आपल्या गावच्या चर्चमध्ये पोहोचला तेव्हा त्याच्या बरोबरीचे लोक आजोबा झालेले होते. चौघांनाही आपापल्या गावी लष्करी मानवंदना मिळाली.

त्या मोहिमा काढणाऱ्या जवानांविषयी दोन शब्द लिहिल्याविना पुढे जाववत नाही. त्यांपैकी बहुतेकांचा जन्मही 1968 मध्ये झालेला नव्हता. ज्यांना कधी पाहिले नाही, अशांच्या अस्थी शोधण्यासाठी त्यांनी बर्फाच्या भेगांत दोर टाकले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. युद्धानंतर, चकमकीविना, वाटेत मेलेला सैनिक कोणत्या यादीत घालावयाचा? आपल्या जुन्या गावांत वीरगळ दिसतात. खालच्या थरात लढाई, मधल्या थरात वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. पाथरवटाला खालचा थर कोरण्यासाठी लढाई हवी. थंडीत कुडकुडत मालवाहू विमानात बसलेला जवान त्याने कसा कोरावा? वीरगळाची हीच दृष्टी आपल्या मनात अजून आहे, आणि माझ्या त्या फलकामागेही तीच होती.

परंतु ज्यांच्या राज्यात आपले पूर्वज पलटणीत गेले त्या इंग्रजांनीसुद्धा हिशेब असा कोता ठेवला नाही, हे नमूद केले पाहिजे. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने पहिल्या महायुद्धाचे मृत मोजताना 31 ऑगस्ट 1921 पर्यंतचे मोजले आणि दुसऱ्याचे मोजताना 31 डिसेंबर 1947 पर्यंतचे. म्हणजे लढाई थांबून दोन-अडीच वर्षे झाल्यावर सेवेत असताना जो गेला, तोही युद्धमृतच. तो गोळीने गेला, तापाने गेला की विमान कोसळून गेला, हा भेद त्यांनी केला नाही. पुण्यास खडकीचे युद्धस्मशान आहे, ते याच आयोगाच्या देखरेखीखाली असते. परक्या सरकारची स्तुती करण्याची मला हौस नाही. मात्र त्यांच्या मोजणीत माझ्या त्या आजीचा मुलगा बसला असता आणि माझ्या फलकावर बसला नाही, एवढे खरे.

आमच्या गावचे श्री. अण्णा हजारे 1965 च्या युद्धकाळात खेमकरण भागात लष्करी गाडीचे चालक होते. त्यांचे सोबती मारले गेले आणि ते वाचले. 1975 मध्ये निवृत्त होऊन ते राळेगणसिद्धीस परतले. त्यापुढील पाणी अडविण्याची व ग्रामसुधारणेची कथा सर्वश्रुत आहे, ती येथे सांगत नाही. फक्त एवढेच सुचवितो की, त्यांचे काम गाडी चालविण्याचे होते, बंदूक रोखून धावण्याचे नव्हते. चालक, स्वयंपाकी, यंत्रज्ञ, शुश्रूषक यांना ‘लढला का?’ असे विचारून आपण यादीबाहेर ठेवू लागलो, तर त्या 102 जणांपैकी कितीजण यादीत राहतील?

ढाका हिमनदीतून 2024 अखेरपर्यंत नऊ देह परत आले. उरलेले 93 जण त्या बर्फाखालीच राहिले होते.

संपादक मंडळास मी विनंती केली, आणि मंडळाने ती आनंदाने मान्य केली, की यंदापासून सदराचे शीर्षक ‘सेवेत देह ठेवलेले ज्ञातिबांधव’ असे असावे व मृत्यूच्या कारणाचा रकाना काढून टाकावा. त्यामुळे यंदा सात नावे वाढली आहेत. ज्या घरांनी संकोचाने आजवर नाव कळविले नसेल त्यांनी ते जरूर कळवावे. जन्मगाव, दल व मृत्यूचे वर्ष एवढे पुरे.

ती आजी आता हयात नाही. त्या शाळेचा फलक अजून व्हरांड्यात आहे, रंग थोडा उडाला आहे. गेल्या महिन्यात मुद्दाम जाऊन पाहून आलो. शेवटच्या नावाखाली चार बोटे जागा शिल्लक आहे. मुख्याध्यापकांची अनुज्ञा घेतली आहे. दिवाळीच्या सुट्टीत रंग घेऊन जाणार आहे. हात थोडा कापतो, पण अक्षर अजून बरे येते.