घराचे काम केव्हा काढावे?

श्रोतेहो, घराची दुरुस्ती कोणत्या महिन्यात काढावी, हा प्रश्न इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असे कोणाला वाटेल. राजे, लढाया, तह यांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. परंतु भिंत कधी बांधली, कौले कधी फिरवली आणि त्या कामाला पैसा कोणत्या महिन्यात हाताशी आला, हाही इतिहासच आहे. आमचे आयुष्य गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाल आणि तोलणार यांच्या संघटनेत गेले. वाचन केले ते पोत्यांच्या थप्पीला टेकून. त्यामुळे आमची दृष्टी या दुसऱ्या इतिहासाकडे अधिक वळली, यात नवल नाही.

प्रथम जुनी रीत पाहू. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत झाली. दोन्ही वेळा थंडीचेच दिवस. मुहूर्त पाहिला गेला असेल, पण त्या मुहूर्तामागे व्यवहारही होता. पुण्यात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कच्ची वीट उघड्यावर वाळवावी लागते, म्हणून वीटभट्ट्या पावसाळा सरल्यावर लागतात आणि पुढच्या पावसाआधी थंडावतात. चुना भिजवून, घाणीत मळून वापरायचा, तर त्याला सावकाश वाळायला कोरडी हवा हवी. चातुर्मासात घराचे काम काढू नये, असे आपल्या आजीने सांगितले, त्यात शास्त्राइतकाच गवंड्याचा अनुभव होता. उलट कौले शाकारायची ती चैत्र-वैशाखात, कारण छप्पर उघडे टाकण्याची निर्भय वेळ तीच.

हा क्रम निसर्गाने एकदा क्रूरपणे मोडला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. पांढऱ्या मातीच्या भिंती पावसाचे सपके वर्षानुवर्षे सोसत आल्या होत्या. तासन् तास पाण्यात उभे राहणे मात्र त्यांना सोसले नाही. ऐन जुलैत हजारो माणसे उघड्यावर आली. घर बांधण्याला सर्वांत वाईट महिना तोच, आणि घराची सर्वांत निकड त्याच महिन्यात! ज्यांना नातेवाइकाचा आसरा होता, गाठीला चार पैसे होते, त्यांना दिवाळीची वाट पाहता आली. ज्यांना यांपैकी काहीच नव्हते, त्यांना ओल्या भिंतीला ओला गिलावा लावून दिवस काढणे भाग होते. योग्य ऋतूची वाट पाहता येणे, ही गोष्टसुद्धा ऐपतीवर अवलंबून असते.

आता आमच्या बाजाराकडे येऊ. घाऊक भुसार बाजार पूर्वी नाना-भवानी पेठांत होता, तो पुढे गुलटेकडीला आला. जागा बदलली, पण बाजाराचे वर्ष बदलले नाही. दिवाळीनंतर नव्या मालाची आवक वाढते, थंडीत गुळाच्या ढेपा येतात, चैत्रापासून आंब्याच्या पेट्या येतात आणि वैशाखात गृहस्थ वर्षाच्या धान्याची बेगमी करतात. हमालाची मजुरी पोत्यावर. म्हणजे घराच्या कामाला जे महिने उत्तम, तेच त्याच्या पाठीला विसावा नसलेले महिने. आषाढ-श्रावणात भुसाराची आवक मंदावते. तेव्हा त्याला सवड असते, पण खिसा रिकामा असतो आणि डोक्यावर गळका पत्रा असतो. आमच्या वस्त्यांत १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कुटुंबे आहेत. त्यांची घरे वर्षानुवर्षे पावसातच दुरुस्त होत आली. पत्र्यावर डांबर, डांबरावर कापड, कापडावर दगड. लोक याला हमालाचा आळस म्हणत. तो आळस नव्हता, ती हिशेबाची कोंडी होती.

ही कोंडी पंचांगाने सुटली नाही, संघटनेने सुटली. डॉ. बाबा आढाव यांनी पन्नाशीच्या दशकात पुण्यात हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, तिच्यावरच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, भरपगारी रजा यांची तरतूद झाली. दिवाळीला हातात एकरकमी पैसे येणे म्हणजे काय, हे पगारदार श्रोत्यांना सांगून कळणार नाही. ज्याची कमाई रोजच्या रोज पोत्यावर मोजली जात होती, तो माणूस प्रथमच म्हणू शकला, "भिंत आता नको, कार्तिकात काढू." पैसा आणि कोरडी हवा यांची त्याच्या घरी गाठ पडली ती अशी.

आता दुसऱ्या बाजूचे कष्टकरी पाहू. तुमच्या घरी जो गवंडी येतो, त्याचेही वर्ष आहे. पावसात त्याचे काम बसते. तेव्हा त्याला कमी मजुरीत राबवावे, हा हिशेब घरमालकाला सोयीचा वाटतो, पण त्या बचतीचा भार कोणावर पडतो, हे पाहावे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, त्यातून स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम वगळले होते. म्हणजे अशा लहान कामावर मजुराला आधार होता तो घरधन्याच्या सद्बुद्धीचाच.

तात्पर्य सांगतो. पावसाळा हा काम करण्याचा नव्हे, घर वाचण्याचा ऋतू आहे. ओल कोठून उतरते, पागोळी कोठे पडते, तेथे खडूने खूण करा. श्रावणात अंदाज काढा, गवंड्याशी बोला, बयाणा द्या. तो त्याच्या रिकाम्या दिवसांत उपयोगी पडतो. दूरच्या प्रांतांतले कारागीर दिवाळी आणि छठ करून परतले की काम सुरू करा आणि मार्गशीर्ष ते माघ या काळात उरका. भिंत पुरती वाळल्याशिवाय रंग लावू नका. वैशाखावर ढकलू नका. त्या उन्हात सिमेंटला दिवसांतून अनेकदा पाणी लागते आणि नेमके तेव्हाच शहरात पाण्याची ओढ असते. शिवाय बाराच्या उन्हात गच्चीवर जो उभा असतो, तो तुम्ही नसता.

आमच्या संघटनेत एक मागणी आम्ही अजून लावून धरली आहे: घरदुरुस्तीची उचल हमालाला दसऱ्याआधी मिळावी, चैत्रात नव्हे. मागणी लहान आहे, पण ती मान्य झाली तर पुढच्या मृगात काही घरांतली पोरे कोरड्या अंथरुणावर झोपतील.