सीएसआर म्हणजे काय? पायथॉनच्या लायब्ररीने ती कशी तयार करायची

सीएसआर, म्हणजेच सर्टिफिकेट साइनिंग रिक्वेस्ट, हा वेबसाइटचं डिजिटल सर्टिफिकेट मिळवण्यासाठी केलेला अर्ज. (कंपन्यांचा सामाजिक निधी तो वेगळा सीएसआर!) अर्ज ज्या संस्थेकडे जातो तिला सर्टिफिकेट अथॉरिटी म्हणतात. तिने सर्टिफिकेट दिलं की साइट एचटीटीपीएसवर उघडते. नाहीतर जुलै २०१८ पासून क्रोम अशा साइटवर सरळ 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतो.

उदाहरण घेऊ. तारकर्लीत एका कुटुंबाने घराच्या दोन खोल्या न्याहारी-निवासासाठी काढल्यात आणि साइटचं नाव ठेवलंय तारकर्लीनिवास.भारत. पुण्या-मुंबईचे पाहुणे तिथे मोबाइल नंबर टाकणार, ओळखपत्राचा फोटो चढवणार. ही माहिती वाटेत कुणी वाचू नये आणि ती खऱ्याच साइटकडे जावी, यासाठी सर्टिफिकेट लागतं.

अर्जात काय जातं, काय जात नाही

आधी दोन किल्ल्यांची जोडी तयार होते. पब्लिक की सगळ्यांना दाखवायची, प्रायव्हेट की कुणालाच नाही. अर्जात फक्त पब्लिक की आणि साइटचं नाव जातं. मग त्या अर्जावर प्रायव्हेट कीने डिजिटल सही होते, म्हणजे 'हिची जोडीदार किल्ली माझ्याकडे आहे' हे सिद्ध होतं. सिंधुदुर्ग किल्ल्यात महाराजांच्या हाताचा ठसा दाखवतात ना? ठसा हजारो लोक बघतात, पण ठशावरून हात काही बनत नाही. पब्लिक कीचं तसंच आहे.

गडबड नेमकी इथे होते. 'ऑनलाइन सीएसआर बनवा' अशा काही साइट्स प्रायव्हेट की स्वतःच्या सर्व्हरवर तयार करून तुम्हाला डाउनलोडला देतात. त्यांनी प्रत ठेवली की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. साइट बनवणाऱ्या पोराने किल्लीची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी तोच प्रकार. ती किल्ली हातात असलेला माणूस एखाद्या हॉटेलच्या वायफायवर तुमच्या साइटचं हुबेहूब सोंग घेऊ शकतो आणि ब्राउझर चकार शब्द काढणार नाही. म्हणून किल्ली आपल्याच मशीनवर बनवायची.

लायब्ररीने सीएसआर बनवणे

पायथॉनमध्ये यासाठी 'क्रिप्टोग्राफी' याच नावाची लायब्ररी आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये पायओपनएसएसएल दिसतं, पण ते बनवणारेच आता सीएसआरसाठी क्रिप्टोग्राफी वापरा म्हणतात. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स अ‍ॅपमध्येही हे जमतं. फक्त तिथे लायब्ररी पिपने न घेता टर्मक्सच्या स्वतःच्या पॅकेजमधून घ्या, म्हणजे फोनला ती कंपाइल करत बसावं लागत नाही.

सुरुवात किल्लीने. आरएसए २०४८ बिट किंवा ईसीडीएसए पी-२५६, दोन्ही चालतात. ती पेम फॉरमॅटमध्ये साठवा आणि फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे मालकाशिवाय कुणी ती वाचू शकणार नाही.

मग 'सर्टिफिकेट साइनिंग रिक्वेस्ट बिल्डर' हा ऑब्जेक्ट घ्यायचा, त्याला सब्जेक्ट नेम द्यायचं, सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम हे एक्स्टेन्शन जोडायचं आणि शेवटी शा-२५६ वापरून किल्लीने सही करायची. बस, एवढंच. पण इथे एक खोच आहे, जिच्यात नवखे हमखास अडकतात. हा बिल्डर स्वतः बदलत नाही. प्रत्येक पायरीला तो नवा बिल्डर परत देतो. तो पुन्हा व्हेरिएबलमध्ये घेतला नाही, तर तुमचं एक्स्टेन्शन गुपचूप गळतं. एरर येत नाही, सीएसआर तयार होते, फक्त तिच्यात साइटचं नावच नसतं.

नाव कुठे लिहायचं याचाही घोळ असतो. पूर्वी ते कॉमन नेममध्ये लिहीत. २०१७ च्या क्रोम ५८ पासून क्रोम ते बघतच नाही, सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेमच बघतो. त्यामुळे नाव तिथे टाका, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही. लेट्स एन्क्रिप्टच्या फुकट सर्टिफिकेटसाठी गाव, राज्य, संस्था हे रकाने भरायची गरज नाही, ते सर्टिफिकेटमध्ये येतच नाहीत. सब्जेक्ट नेम अगदी रिकामं दिलं तरी चालतं. ती पायरी पूर्ण गाळली तर मात्र लायब्ररी सही करायला नकार देते.

मराठी नावाचं काय?

डॉट भारत हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषांना चालतं. पण सर्टिफिकेटच्या नावाच्या रकान्यात देवनागरी बसत नाही. तिथे त्याचं रोमन रूप लागतं, जे 'एक्सएन' आणि दोन डॅशने सुरू होतं. याला प्युनीकोड म्हणतात. तारकर्लीनिवास.भारत जसंच्या तसं दिलं तर लायब्ररी व्हॅल्यू एरर फेकते. उपाय सोपा आहे: 'आयडीएनए' ही छोटी लायब्ररी घेऊन आधी नाव रूपांतरित करा, मग ते एक्स्टेन्शनमध्ये द्या. ऱ्हस्व-दीर्घ एकदा नीट तपासा, कारण 'तारकर्ली' आणि 'तारकर्लि' ही दोन वेगळी डोमेन आहेत.

पाठवण्याआधी

तयार फाइल पुन्हा लायब्ररीने उघडा. सही वैध आहे का, हे विचारणारी प्रॉपर्टी 'ट्रू' म्हणाली पाहिजे, आणि एक्स्टेन्शनमध्ये दोन्ही नावं दिसली पाहिजेत. पाठवायची फाइल 'बिगिन सर्टिफिकेट रिक्वेस्ट' या ओळीने सुरू होते. पहिल्या ओळीत 'प्रायव्हेट की' दिसलं, तर थांबा! चुकीची फाइल उचललीत.

एकच साधी साइट असेल तर हे हाताने करायची गरजही नाही, सर्टबॉट सीएसआर स्वतःच बनवतो. लायब्ररी कामाला येते ती विकतचं सर्टिफिकेट घेताना, किंवा गावातल्या आठ-दहा निवासांच्या साइट्स एकच जण सांभाळत असेल तेव्हा. आणि हे काम आता वारंवार करावं लागणार आहे. सीए-ब्राउझर फोरमने २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. मे महिन्याच्या गर्दीत सर्टिफिकेट संपलं तर पाहुण्याला खोल्यांच्या फोटोऐवजी ब्राउझरचा इशारा दिसेल, म्हणून स्क्रिप्ट लिहून ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख मुदतीच्या बरीच आधीची धरा.