ट्रॅक्टरचे टायर बदलल्यावर डिझेल खरेच वाचते का?

खंडाळा तालुक्यात एकच ट्रॅक्टर शेतात नांगरट करतो आणि कांद्याची ट्रॉली घेऊन लोणंदच्या बाजारालाही जातो. या दोन कामांत नव्या टायरचा डिझेलवर होणारा परिणाम वेगळा असतो. त्यामुळे टायरवर मोठा खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासा.

शेतातील काम

टायरवरील उंच रबरी पट्ट्या झिजल्या की मातीत पकड राहत नाही. चाक फिरते, पण ट्रॅक्टर तेवढा पुढे सरकत नाही. यालाच चाकाची घसरण म्हणतात. नांगरटीत साधारण ८ ते १५ टक्के घसरण योग्य समजावी. त्याहून जास्त असल्यास डिझेल आणि रबर दोन्ही वाया जातात.

घसरण अशी मोजा

१. मागच्या टायरच्या बाजूवर खडूने खूण करा.
२. नांगर उचलून त्याच शेतात चाकाचे १० फेरे होईपर्यंत चालवा व अंतर मोजा.
३. नांगर नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजा.
४. दोन्ही अंतरांतील फरकाला पहिल्या अंतराने भागून १०० ने गुणा.

उदाहरणार्थ, पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३२ मीटर आल्यास घसरण २० टक्के होते. नव्या टायरवर दुसरे अंतर ३५ मीटर आल्यास घसरण १२.५ टक्क्यांवर येते. तेवढ्याच नांगरटीसाठी चाकाचे फेरे सुमारे ८.६ टक्के कमी लागतात. वेळ आणि डिझेलची बचत साधारण त्याच प्रमाणात होते.

घसरण जास्त आल्यास आधी टायरमधील हवा आणि मागच्या चाकांवरील वजन तपासा. तरीही ती १५ टक्क्यांच्या वर राहिली आणि पट्ट्या झिजलेल्या असतील, तर टायर बदला. वजन गरजेपेक्षा वाढवू नका; काळी जमीन दबते आणि डिझेलही वाढते.

रस्त्यावरील काम

डांबरी रस्त्यावर नव्या टायरमुळे डिझेल वाचेलच असे नाही. नव्या टायरच्या जाड रबराला फिरण्यासाठी थोडी जास्त ताकद लागते. पिकअप आणि कारलाही हेच लागू आहे. शिवाय झिजलेल्या टायरचा घेर कमी असल्याने मीटर किलोमीटर थोडे जास्त दाखवतो. म्हणून टायर बदलल्यावर ॲव्हरेज घटल्यासारखे वाटते. मात्र या बचतीसाठी गुळगुळीत टायर वापरू नका. खंबाटकी घाटात किंवा पावसात ब्रेक न लागण्याचा धोका मोठा आहे.

रस्त्यावर खरी बचत योग्य हवेने होते. ट्रॅक्टरसोबत ट्रॉलीच्या टायरमधील हवाही तपासा. हवा कमी असल्यास टायर दबून फिरतो व डिझेल जास्त लागते.

टायर घेताना

- मागचे दोन्ही टायर एकाच वेळी आणि एकाच मापाचे बदला.
- फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये पुढच्या-मागच्या टायरचे माप कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा.
- हवेचे प्रमाण शेतासाठी व रस्त्यासाठी वेगळे असते. ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा.
- बदलण्यापूर्वी आणि नंतर एकाच शेतात, त्याच खोलीवर एकरी किती डिझेल लागले याची नोंद ठेवा.