बाकी फिटली का?

आखाजी म्हणजे खान्देशात माहेरवाशिणींचा सण. लिंबाला झोके चढतात, पितरांची घागर भरली जाते, आमरस-पुरणपोळी होते. त्याच दिवशी शिवारात आणखी एक व्यवहार उरकतो. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, जुने साल संपते आणि नवे ठरते. रोख किती, ज्वारी किती, चप्पल-कपडे कोणाचे, हे सगळे बोलून घेतले जाते, पण त्याआधी नवा मालक विचारतो, "कोनाकडे व्हता?" उत्तर मिळाले की तो त्या जुन्या मालकाला गाठतो आणि त्याला मात्र एवढेच विचारतो: बाकी फिटली का?

चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली की त्याच्या मागच्या नोकऱ्यांची पडताळणी होते. मुले तिला 'बीजीव्ही' म्हणतात. या बीजीव्हीचे पूर्वज शोधताना मी पुन्हा पुन्हा आखाजीच्या त्या प्रश्नापाशी येऊन थांबलो. वरवर पाहता ही पडताळणी खरे-खोटे तपासते. पण तिच्या कुळात खरे-खोटे फार उशिरा आले. आधी पाहिली जायची ती सुटका: हा माणूस आधीच्या धन्याकडून मोकळा झाला आहे ना?

गडी कसा आहे, हे गावात विचारावे लागत नसे. कोण बैलांना पराणी टोचतो, कोण पाण्याच्या पाळीला झोपतो, कोण बाजाराच्या दिवशी पिऊन पडतो, हे पारावर सगळ्यांना पाठ. न दिसणारी गोष्ट एकच, उचल. लग्नाला, दुखण्याला, नाहीतर पावसाळ्यात खायला घेतलेली उचल साल संपले तरी फिटली नाही, तर गडी पुढच्या सालालाही तिथेच. दुसऱ्याला तो हवाच असेल तर त्याने जुन्याची बाकी चुकवायची आणि गडी न्यायचा. ती रक्कम अर्थातच गड्याच्या नव्या खात्यावर चढायची. शहादा-तळोद्याचा भाग 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तिकडे भिल्ल सालदार असेच एका वहीतून दुसऱ्या वहीत जात राहिले. भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज यांनी आणि 1972 पासून श्रमिक संघटनेने हा प्रश्न रस्त्यावर आणला. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने अशी बाकी कागदावर तरी शून्य झाली.

फ्रान्समध्ये हाच व्यवहार सरकारने पुस्तकात बांधला होता. 1803 पासून तिथल्या कामगाराजवळ 'लिव्रे' नावाची छोटी वही असे. जुन्या मालकाने 'मोकळा' असा शेरा मारल्याशिवाय नवे काम नाही. उचल राहिली असेल तर तीही त्यात लिहायची आणि नव्या मालकाने मजुरीतून कापून जुन्याला द्यायची. ही वही रद्द व्हायला 1890 साल उजाडले. नेपोलियनच्या कारभाऱ्यांनी आखाजी काही पाहिली नव्हती, पण हिशेब तोच.

दुसरी शाखा लष्करातून येते, आणि तिचा प्रश्न वेगळा आहे: हा तोच माणूस आहे का? अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला, राजधानी बऱ्हाणपूर. मोगल फौजेत घोड्याला डाग देत आणि स्वाराचा 'चेहरा' लिहून ठेवत. उंची, रंग, तीळ, व्रण, बापाचे नाव. पगार शंभर स्वारांचा घ्यायचा आणि हजिरीला भाड्याची माणसे, भाड्याची तट्टे उभी करायची, ही सरदारांची जुनी खोड. चेहरा तिच्यावरचा उपाय होता. मराठ्यांकडे कागदाच्या जोडीला माणूस लागे. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या भरतीची जी रीत दिली आहे, तीत नव्या माणसाला आधीपासून चाकरीत असलेल्याचा जामीन द्यावा लागे. आजच्या अर्जात 'रेफरन्स' म्हणून दोन नावे लिहितात ती याच जामिनाची नातवंडे, फक्त चूक निघाली तर त्यांना काहीच भरावे लागत नाही.

खान्देशानेच या रीतीला एक सणसणीत अपवादही दाखवला. 1818 मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेला, पण सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांतले भिल्ल त्यांच्या हाती लागेनात. 1825 मध्ये जेम्स आउट्रॅमने भिल्ल पलटण उभारली. धरणगाव तिचे ठाणे. ज्यांच्यावर लुटीचे आळ होते त्यांनाच त्याने बंदूक दिली आणि मागचे विचारले नाही. विचारले असते तर पलटणीत कोणी उरलेच नसते! पुढे त्याच सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मालाच मागचा इतिहास ठरवले, तेही इथे नोंदवून ठेवू.

कागदी दाखला आला तो साहेबांच्या बंगल्यांतून. जुना साहेब बदलून गेला की खानसाम्याला चिठ्ठी देऊन जायचा आणि खानसामा ती नव्या साहेबापुढे धरायचा. हा आपला 'चिठ्ठी' शब्द इंग्रजीत 'चिट' होऊन बसला. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात नोकराचा दाखला हाही त्याचा एक अर्थ दिला आहे. दाखला आला की खोटा दाखलाही आलाच. इंग्लंडने तर 1792 मध्येच नोकराला खोटा दाखला देणे हा कायद्याने गुन्हा ठरवला होता. म्हणजे बनावट अनुभवपत्राचा शोध आपल्याकडच्या कोचिंग क्लासवाल्यांनी लावला, असे समजण्याचे कारण नाही.

सरकारी नोकरीत चेहरा आणि दाखला या दोन्ही शाखा एका पुस्तकात येऊन मिळाल्या. सेवापुस्तकाचे पहिले पान उघडून पाहा. उंची, ओळखीच्या खुणा, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे: मोगली चेहरा जसाच्या तसा. बोटांचे ठसे 1858 मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेलने वापरायला सुरुवात केली आणि 1877 मध्ये हुगळीला ते पेन्शनरांना लावले, कारण मेलेल्याची पेन्शन दुसराच उचलत असे. पुढच्या पानांवर दरवर्षी कार्यालयप्रमुखाने पगारबिलांवरून सेवा पडताळल्याची सही करायची. हे जगातले सर्वांत चिवट नोकरी-पडताळणीचे यंत्र असावे. धुळ्याचा एखादा गुरुजी तीस वर्षे शिकवून निवृत्त होतो आणि मधल्या एका वर्षाची सही राहिली म्हणून शाळा-पंचायत समिती-जिल्हा परिषद अशा वाऱ्या करतो. ज्याने ती सही करायची तो मुख्याध्यापक केव्हाच वारलेला असतो.

गिरण्यांची गोष्ट निराळी. जळगावची मुळजी जेठांची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल. त्या काळी गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे आणि जॉबर गावचा, जातीचा, ओळखीचा. तोच जामीन, तोच दाखला, आणि दस्तुरीही त्याचीच. 1931 मध्ये शाही श्रम आयोगाने ही भरती त्याच्या हातून काढा, असे सुचवले. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालच्या आदर्श नियमांनी कायम कामगाराला नोकरी सुटताना सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क दिला, बडतर्फ झाला तरी. लक्षात घ्या, दाखल्याचा हक्क. सुटकेची परवानगी नव्हे.

ऑफिसांच्या बाजाराने मात्र जुनी रीत परत आणली. अनुभवाचा दाखला असला तरी चालत नाही, 'रिलीव्हिंग लेटर' लागते. लॅपटॉप परत, नोटीस पीरियड पूर्ण, येणे बाकी नाही, मग ते पत्र. नवी कंपनी घाईत असेल तर नोटिसीचे पैसे भरून मुलगा सोडवून नेते आणि त्याला 'बायआउट' म्हणते. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आखाजीचा पार आठवला. पगार पन्नासपट असेल आणि कर्ज पिढ्यान्‌पिढ्या चालत नसेल, हा फरक लहान नाही. पण व्यवहाराची चाल ओळखीची आहे.

खरे-खोटे तपासण्याचा धंदा उभा राहिला तो 2005 नंतर. त्या वर्षी पुण्यातल्या कॉल सेंटरमधल्या तरुणांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांच्या खात्यांतून पैसे काढले. पुढच्याच वर्षी नॅसकॉम या उद्योगसंघटनेने आयटी नोकरदारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तीही बोटांच्या ठशांसकट. 2014 मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आला. आता कोणत्या महिन्यात कोणत्या मालकाने पैसे भरले, हे एका पानावर दिसते. दोन मालकांचे महिने एकमेकांवर चढले तर तेही दिसते. अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाने सुरुवात केलेल्या विप्रोच्या रिशद प्रेमजींनी सप्टेंबर 2022 मध्ये सांगितले की प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणारे 300 जण सापडले, त्यांना काढले. एका वेळी दोन मालकांचे साल धरलेले गडी.

पण यूएएन सांगतो तो पीएफ कापणाऱ्या मालकांपुरता. जळगावच्या एखाद्या डाळ मिलमध्ये किंवा दाणाबाजारातल्या पेढीवर दोन वर्षे रोखीने पगार घेतलेल्या मुलाचे काय? तिथे अजून फोनच करावा लागतो. बंगळुरूहून पडताळणी कंपनीची मुलगी हिंदीत विचारते, अमुक अमुक आपल्याकडे अमुक तारखेपासून होता का, कोणत्या पदावर, वर्तणूक कशी. मुनीमजी ते आधारवरचे लांबलचक नाव दोनदा ऐकतात आणि वही काढतात. वहीत तसे नाव नसते, कारण तिथे तो 'पिंट्या, वडलीवाला' म्हणून मांडलेला असतो. मग त्यांची ट्यूब पेटते. हो हो, होता की. पोरगा चांगला. आणि फोन ठेवायच्या आत, चष्मा वर करत, ते खात्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात: फक्त दिवाळीला चार हजार उचल नेली होती, ती तेवढी त्याला आठवण करा.