लघुलहरींवरून उतरणारी अक्षरे

१/ मार्च २०१३. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या लघुलहरींवर ‘व्हीओए रेडिओग्राम’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. निवेदन थांबे आणि थरथरत्या शिट्यांसारखे स्वर ऐकू येत. त्या स्वरांत बातम्यांचा मजकूर आणि छायाचित्रे दडलेली असत. निर्माते होते किम अँड्र्यू एलियट.

२/ प्रक्षेपण होई नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीनव्हिलहून, मानवी आवाजासाठी उभारलेल्या जुन्याच यंत्रणेवरून. श्रोत्याला लागे साधा रेडिओ, संगणक आणि ‘एफएलडिजी’ ही मोफत आज्ञावली. रेडिओ संगणकाच्या मायक्रोफोनजवळ धरला तरी पडद्यावर अक्षरे उमटत.

३/ मुख्य पद्धत ‘एमएफएसके३२’. तिच्यात १६ स्वर एकामागून एक वाजतात. वेग मिनिटाला सुमारे १२० शब्द. चुका दुरुस्त करणारी जादा माहितीही सोबत असते. त्यामुळे खरखरीत निवेदकाचा आवाज बुडाला, तरी मजकूर अनेकदा शाबूत पोहोचे.

४/ या तंत्राचा पूर्वज म्हणजे ‘पिकोलो’. शीतयुद्धाच्या काळात ब्रिटनच्या राजनैतिक बिनतारी सेवेने ते दूरच्या दूतावासांशी संपर्कासाठी घडवले. पुढे घरगुती संगणक आले आणि हौशी रेडिओचालकांनी तीच कल्पना आपलीशी केली.

५/ ही केवळ करमणूक नव्हे. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तच्या सरकारने देशातील इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद पाडले होते. लघुलहरी आयनावरणावरून परतून सीमा ओलांडतात. त्यांच्यात व्यत्यय आणता येतो. पण देशातील तारा तोडून त्या थांबत नाहीत.

६/ जून २०१७ मध्ये तो कार्यक्रम संपला. एलियट यांनी खासगी केंद्रांवरून ‘शॉर्टवेव्ह रेडिओग्राम’ सुरू केला. दूतावासांचे गुपित वाहणारे तंत्र आता कोणालाही वाचता येईल अशी अक्षरे वाहू लागले होते.