पैज कोणाची, शिक्षा कोणाला?



खेळातील जुगारावर बोलण्यासाठी मुलचेऱ्याच्या वसंत व्याख्यानमालेने आम्हांस बोलावले, याचे आमच्या कामगारमित्रांना थोडे नवल वाटले. आम्ही खेळाडू नव्हे आणि पंडितही नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी सुटायची वाट पाहत बसताना. परंतु खेळ हेही एक काम आहे, आणि कामाचा मोबदला कोणाकडे जातो व दोष कोणाकडे येतो हे पाहण्यात आमचे आयुष्य गेले. त्याच नजरेने हा इतिहास आपणांपुढे मांडतो.

कोंबडबाजार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. धान घरात आले की जंगलाच्या कडेला रिंगण पडते, कोंबड्याच्या पायाला काती बांधतात आणि भोवती नोटा फडफडू लागतात. पोलिसांची धाड आली की माणसे पळतात आणि कोंबडे सापडतात. पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून कोंबड्याची नोंद होते. वस्तुतः त्या सगळ्या गर्दीत पैज न लावलेला तेवढा एकच जीव असतो! माणसांच्या खेळात खेळाडूचे अगदी तसेच होते असे आम्ही म्हणणार नाही, कारण खेळाडूला बुद्धी आहे, हो किंवा नाही म्हणण्याची शक्ती आहे. तरीही हे चित्र डोळ्यांपुढे असू द्यावे.

कॉलेजच्या खेळातील जुगाराचे सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतले, १९५१ सालचे. तेथे कॉलेजांच्या बास्केटबॉलचे सामने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९३४ पासून मोठ्या प्रमाणावर होऊ लागले होते. हजारो प्रेक्षक तिकीट काढून येत. कॉलेजांना पैसा मिळे, सभागृहाला पैसा मिळे. खेळणाऱ्या मुलांना मात्र 'तुम्ही हौशी खेळाडू' असे सांगण्यात येई. जुगाऱ्यांनी पैजेची एक चतुर रीत काढली होती. कोण जिंकणार एवढ्यावर पैज न लावता किती गुणांनी जिंकणार यावर ती लावायची. मग खेळाडूला फितवणे सोपे झाले. 'सामना हरू नकोस, जिंकच. फक्त जरा कमी फरकाने जिंक,' असे त्याच्या कानात सांगता येऊ लागले. वीस वर्षांच्या पोराला यात पाप दिसले नाही, यात नवल ते काय?

जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूला एक हजार डॉलर देऊ करण्यात आले. त्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. देऊ करणारा त्याच्याच संघातला माजी गडी होता. केलॉगने सरळ जाऊन प्रशिक्षक केन नॉर्टन यांना सांगितले. प्रशिक्षकांनी ते दाबून न ठेवता वर कळवले, आणि प्रकरण पोलिसांत गेले. धागा ओढला तसा सारा गुंता बाहेर आला. एकंदर सात कॉलेजांतील तीसहून अधिक खेळाडूंची नावे निघाली. त्यांत न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज होते. तेथे फी नसे; कामगारांची आणि निर्वासितांची मुले तेथे शिकत. १९५० मध्ये एकाच वर्षी देशातील दोन्ही मोठ्या स्पर्धा त्या संघाने जिंकल्या होत्या. ज्या पोरांना शहराने खांद्यावर घेतले, त्यांनाच वर्षभरात बेड्या पडलेल्या शहराने पाहिल्या.

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की पैसे पुरवणारा सगळाच सुटला असे झाले नाही. सोलाझो नावाच्या जवाहिऱ्याला आठ ते सोळा वर्षांची शिक्षा झाली. परंतु केंटकी विद्यापीठाची गोष्ट ऐका. तेथील प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांनी, आमच्या मुलांच्या वाऱ्यालाही जुगारी उभे राहू शकणार नाहीत, अशी ग्वाही दिली होती. थोड्याच महिन्यांत, १९५१ च्या ऑक्टोबरात, त्यांचेच शिष्य ॲलेक्स ग्रोझा आणि राल्फ बिअर्ड पकडले गेले. हे दोघे १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले. १९५२ मध्ये न्यायाधीश सॉल स्ट्राइट यांनी निकालाच्या वेळी मुलांबरोबर विद्यापीठालाही धारेवर धरले आणि खुद्द प्रशिक्षकांचे एका सट्टेवाल्याशी संबंध असल्याचे दाखवून दिले. परिणाम काय झाला? विद्यापीठाचा संघ एक हंगाम बाहेर बसला. प्रशिक्षक १९७२ पर्यंत आपल्या जागेवर राहिले. ग्रोझा आणि बिअर्ड यांना व्यावसायिक बास्केटबॉलचे दार कायमचे बंद झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. कॉलेजच्या मैदानावरचे एवढे मोठे प्रकरण आपल्याकडे गाजले नाही. आपल्याकडे गाजले ते क्रिकेट. २००० साली सामना-निश्चितीचे प्रकरण उघडकीस आले. डिसेंबरात मोहम्मद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर नियामक मंडळाने आजन्म बंदी घातली. पुढे २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अझरुद्दीन यांच्यावरील बंदी बेकायदा ठरवली. त्यानंतर १६ मे २०१३ रोजी आयपीएलमधील राजस्थान संघाचे तीन खेळाडू मुंबईत पकडले गेले. त्यांत मुंबईचा अंकित चव्हाण होता. त्याच्यावर आणि श्रीशांतवर आजन्म बंदी आली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, तरी बंदी उठली नाही. ती सात वर्षांवर आणली गेली तीही पुष्कळ काळाने. त्याच प्रकरणाच्या ओघात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई व राजस्थान हे दोन संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले. संघांशी संबंधित दोघांवर आजन्म बंदीही आली, हे नमूद केले पाहिजे. परंतु संघ २०१८ मध्ये परतले, आणि त्याच वर्षी चेन्नईने करंडक उचलला. संघाची शिक्षा दोन वर्षांची; गोलंदाजाची, सौम्य केल्यावरही, सात वर्षांची. गोलंदाजाची उमेद मुळात किती वर्षांची असते, याचा हिशेब आपणच करावा.

आमचे जुने मत असे होते की मजुरी पुरेशी द्या, म्हणजे लाच संपेल. हा इतिहास वाचल्यावर ते मत जसेच्या तसे टिकत नाही. सिटी कॉलेजची पोरे गरीब होती. २००० सालचे खेळाडू गरीब नव्हते. मग दोन्हीकडे समान काय? आमच्या मते समान हे की खेळाडू एकटा होता. आमिष आले तर विश्वासाने कोणाला सांगावे, आणि आरोप आला तर आपल्या बाजूने कोण बोलेल, याची त्याला सोय नव्हती. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलपटूंनी १९५४ मध्ये आपली संघटना बांधली. आपल्याकडे क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना २०१९ मध्ये लोढा समितीच्या शिफारशीमुळे निघाली, तीही निवृत्त खेळाडूंची! कारखान्यात काम करणाऱ्यांची युनियन नको, पेन्शनरांची चालेल, अशातला हा प्रकार आहे.

हे बोलताना आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही ज्या कारखान्याच्या फाटकावर काम करीत होतो, तेथे पगाराच्या दिवशी सट्टापट्टी चाले. कामगाराचा पगार घरी पोचेना. आम्ही पाच-सहा जणांनी एके दिवशी पट्टी लिहिणाऱ्या मुलाला धरले आणि पोलिसांच्या हवाली केले. तो एका हंगामी कामगाराचाच मुलगा निघाला. चिठ्ठीमागे थोडे पैसे मिळत म्हणून उभा राहत होता. आम्ही त्या रात्री मोठी कामगिरी केल्याच्या समाधानात झोपलो. पुढच्या पगाराला त्याच जागी दुसरा मुलगा उभा होता. पट्टी कोणाकडे जाते हे आम्ही पहिल्याला विचारलेच नव्हते. विचारण्याची हिंमत नव्हती, हे खरे. त्या मुलाचा बाप पुढे आमच्या सभेला कधी आला नाही.

आज सट्टापट्टी हातातल्या फोनमध्ये आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो हवाच होता. परंतु कायदा फाटकावरच्या पोरापाशी थांबतो की पट्टीच्या मालकापर्यंत जातो, हे आपण पाहत राहिले पाहिजे. आपल्या तालुक्यातली पोरे-पोरी कबड्डी, व्हॉलीबॉल खेळतात, गोंडवाना विद्यापीठाच्या स्पर्धांना जातात. त्यांना 'लाच घेऊ नकोस' एवढे सांगून भागणार नाही. स्पर्धेचा जमाखर्च सर्वांपुढे वाचा. बाहेरगावी जाणाऱ्या मुलाचे भाडे आणि जेवण वेळेवर द्या. आणि कोणी पैसे घेऊन आला तर ज्याच्या दारात निर्भयपणे जाता येईल अशी दोन-तीन माणसे गावाने नेमून ठेवा. केलॉग धीराचा होता हे खरेच. पण त्याने दार ठोठावले तेव्हा ते उघडणारा एक प्रशिक्षक आत होता, हेही तितकेच खरे आहे. असे दार आपल्या मुलचेऱ्यात कोणाचे आहे, एवढे आपण घरी जाताना एकमेकांस विचारावे, ही विनंती.